टाळकऱ्याचं उपरणं

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्या गजाची आहे, तो दर एकादशीला कशेळ्याच्या कीर्तनात माझ्या शेजारी बसतो. पांडुरंगासमोर बसून त्याने ती सांगितली, आणि तिथे खोटं बोलणारा माणूस तो नव्हे.

गेल्या माघातली गोष्ट. कशेळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी, एका मालकी रानात सागाची तोड चालू होती.

गजा ट्रॅक्टरला बसवलेली विंच चालवायचा. खाली घळीत पंचविशीचा रूपेश ओंडक्याला साखळी बांधायचा, आणि गजा वरून वायररोप, तारांचा पिळलेला दोर, ओढून घ्यायचा.

त्या घळीत आधी रूपेशचा थोरला भाऊ उभा असायचा. नवनाथ.

आदल्या वर्षी जुना दोर ताणात तुटला. सुटलेलं टोक चाबकासारखं फिरलं.

नवनाथ जागच्या जागी गेला.

गजा रडला नाही. कीर्तनाला यायचा, टाळ्या वाजवायचा. नामाचा गजर कानापर्यंत पोचायचा, आत काही उतरायचं नाही. लाकूड झाला होता नुसता.

नवनाथ आमचा टाळकरी. त्याचं भगवं उपरणं त्याच्या आईने, मोतीबाईने, गजाच्या हातात दिलं.

"रूपेशला तुज्यासंगं धाडते. एक गेला माजा. येवढं ध्यानात ठेव."

गजा त्याच उपरण्याने दोर तपासू लागला. दोर सैल सोडायचा, कापड मुठीत धरायचं आणि टोकापासून फिरवत न्यायचं. एखादी बारीक तार तुटून वर आली असेल, तर कापड अडकतं.

मालक योगेंद्रने चौक गावाहून नवा दोर आणला. ग्रीसने नुसता चकचकत होता.

पहिल्या सकाळी गजाने उपरणं फिरवलं.

गुळगुळीत...

गुळगुळीत...

आणि अडकलं.

ग्रीस पुसून पाहिलं. एकही तार वर नव्हती. उपरण्याचा एक धागा मात्र निघाला होता. तो दोरावर नाही. खाली मातीतही नाही.

"नवा हाय तो," योगेंद्र म्हणाला. "तू कोऱ्या साडीतपन ठिगळ शोधशील."

रूपेश हसला. "भाऊ, जाऊ का खाली? का उपरण्याची परवानगी यायची हाय?"

गजाने पुन्हा कापड फिरवलं. तिथेच अडकलं. अजून एक धागा गेला.

"थांब रं."

वारा पडला होता. रानात एक पाखरू बोलत नव्हतं.

आणि...

टिंग.

टाळाच्या कडेवर नखाने टिचकी मारावी, तसा आवाज. पण दोर तर जमिनीवर सैल पडला होता. ताणाशिवाय तार वाजत नाही.

रूपेशचं हसू गेलं. "दादाचा टाळ..." एवढंच म्हणाला.

गजाने छिन्नी-हातोडा घेतला. "मालक, मी तोडतोय."

योगेंद्र काही बोलायच्या आत घाव बसला होता. पीळ उलगडला.

आत गंज. तारा कुजून तुटलेल्या. जुनाच दोर ग्रीस चोपडून कुणीतरी नवा म्हणून गळ्यात मारला होता.

पण गजा दुसरंच काहीतरी बघत होता.

त्या तुटक्या तारांच्या मधोमध, जिथे सुई शिरायची नाही तिथे... दोन भगवे धागे.

एकमेकांना गाठ मारलेले.

दुसरा दोर आणायला योगेंद्र गजाला सोबत घेऊन गेला. टोकाचा पीळ उकलून, आतपर्यंत बघूनच घेतला. उपरणं त्याच्यावरून सरळ गेलं. काम सुरू झालं.

गोष्ट इथे संपली असती, तर मी सुखाने झोपलो असतो.

तोड संपत आली, तेव्हाची दुपार. दोघं ओढ्यावर अंग धूत होते. गजाने रूपेशची पाठ त्याच, धुऊन घेतलेल्या उपरण्याने चोळायला घेतली.

गुळगुळीत...

गुळगुळीत...

डाव्या खांद्याच्या खाली... अडकलं.

"काय झालं, भाऊ?"

"काय नाय रं."

पाठ स्वच्छ होती. साधा ओरखडा नाही. उपरण्याचा आणखी एक धागा मात्र गेला होता.

कर्जतच्या डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला. म्हणाले, "ठणठणीत आहे माणूस."

तो कुजका दोरही वरून नवाच दिसत होता.

गजाने त्याला घळीत पाठवणं बंद केलं. मोतीबाईला अजून सांगितलेलं नाही. सांगणार तरी काय? दोर तोडून आत बघता येतो.

आता रूपेश भावाच्या जागी टाळ धरतो. हात गोड आहे त्याचा. बुवा रंगात येतात, मंडळी डोलतात, माझे डोळे आपोआप मिटतात.

पण मध्येच एखादा ठोका चुकतो. तेव्हा शेजारी गजाचा हात टाळी वाजवता वाजवता हवेतच थांबतो.

माझाही थांबतो.

पुढचा टाळ वाजेपर्यंत...