कुंकवाची डिस्क

भंगारवाल्याच्या दारात कुणाचं जमतं, असं कुणी म्हटलं असतं, तर हेमांगीनं आधी त्याचीच पत्रिका तपासली असती. पत्रिका करणं हाच तिचा धंदा. वडील श्रीपादशास्त्री गेले, आणि हिंदी मुलखातल्या लष्कर पेठेतल्या मराठी घरांच्या सगळ्या पत्रिका तिच्या गळ्यात आल्या. सोबत त्यांचा जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर. दुनियेच्या सोयरिकी जुळवता जुळवता पोरीची पस्तिशी उलटली. स्वतःच्या पत्रिकेत मंगळ. तो आल्या स्थळाला उंबऱ्यावरूनच वाटेला लावायचा. आधी राग यायचा. आता नुसता शीण.

त्यात त्या कॉम्प्युटरची डिस्क टकटक करायला लागली. फूलबागेकडचे दुकानदार म्हणाले, फेकून द्या. ती मात्र डिस्क रुमालात गुंडाळून माधवगंजातल्या भंगाराच्या दुकानी उभी.

"भैया, ऐसी दूसरी मिलेगी क्या?"

"मराठी आहात ना?" मागून कुणी हसलं. हातात जुना कीबोर्ड, केसांत भंगाराची धूळ. "कुंकू लावलेली हार्ड डिस्क दुसऱ्या कुणाची असणार?"

"बाबा दर दसऱ्याला डबा उघडून लावायचे," ती म्हणाली. "फार आवाज करतेय."

त्यानं डिस्क कानाला लावून हलवली. "वय झालंय हिचं."

"वय सगळ्यांचंच होतं."

त्यानं वर पाहिलं… जरा जास्तच वेळ. हेमांगीनं नजर काढून घेतली. असल्या नजरेला उत्तर देण्याचंही त्राण हवं ना!

तो समरजीत. घराणं शिलेदारांचं. पणजोबांच्या हाती तलवार, ह्याच्या हाती स्क्रूड्रायव्हर. ज्यांचा जुन्या कॉम्प्युटरवरून जीव निघत नाही, त्यांची यंत्रं हा आपल्या दुकानात जगवायचा.

"माझ्याकडे अगदी अशीच एक आहे," तो म्हणाला. "ती फॉरमॅट करतो, म्हणजे पुसून कोरी करतो. मग तुमचं सगळं तिच्यात उतरवू. हो जाएगा!"

"पण अदलाबदल नको."

"कुंकू आहे की. चुकेन कसा?"

बोलून चालून शिलेदार! तिची डिस्क त्यानं वरच्या फळीवर ठेवली, स्वतःची खालच्या. पण खंडेनवमीला त्याची आई, शांताताई, दुकानात आली. शस्त्रांची पूजा करायची, तर तलवारी केव्हाच भिंतीवर गंजलेल्या. तिनं पकडी, स्क्रूड्रायव्हर, डिस्का, सगळं ओल्या फडक्यानं पुसलं, पाटावर मांडलं आणि सगळ्यांना सारखं कुंकू लावलं.

"आईसाहेब, वरच्या फळीवरची डिस्क कुठली?"

"वरची वरच ठेवली रे! मला काय कळत नाही?"

आईचा शब्द. त्यानं खालची, म्हणजे आपली, कोरी करायला घेतली.

तो हेमांगीच्या दारात आला, तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

"मी… तुमच्या बाबांचं सगळं पुसून टाकलं."

"परत येईल ना?"

"वरवर पुसलं असतं तर आणलं असतं. मी तळापर्यंत घासली… माझी समजून."

ती ओरडली नाही. भिंतीला टेकून बसली. बाबांची अर्धी हयात त्यात होती, आणि तिची भाकरीही. जुन्या ओळखीची घरं पत्रिका मागायला येणार, तेव्हा काय दाखवायचं? रिकामा पडदा?

"बसा," ती शेवटी म्हणाली. "चहा टाकते."

दोन शिव्या घातल्या असत्या, तर त्याला सोसलं असतं. चहा सोसवेना.

"बाबा कागदावर काढून द्यायचे ना?" तो म्हणाला. "लोकांच्या कपाटात असतील. मी घरोघर जाऊन आणतो. तुम्ही वाचा, मी भरतो. सगळं, पहिल्यापासून."

"दमाल."

"तुम्ही रोज दमता. मी थोडे दिवस दमलो तर काय बिघडलं?"

मग लष्करातल्या गल्ल्यांतून, पार हरिशंकरपुरमपर्यंत, शिलेदाराचा पोर पत्रिका मागत फिरला. लोक हसले. "क्यूं भाई, तलवार छोड़के पंचांग?" हाही हसला. रोज संध्याकाळी हेमांगी वाचायची, तो कीबोर्ड बडवायचा. थंडी पडली, धुकं आलं, टेबलावर तीळगुळाच्या गजकाचा पुडा आला. तिचा आवाज बसला की तो कागद तिच्या हातून घेई. बोटं लागत… आणि दोघंही पडद्याकडे बघत.

"ही तुमची डिस्क भरली की काय?" तिनं एकदा विचारलं.

"ठासून कधी भरू नये. थोडी जागा रिकामी असली की बरी चालते. माणसासारखीच."

"तुम्ही फार बोलता."

"तुम्ही कमी बोलता, म्हणून."

कागद संपत आले, तसं हेमांगीला कसंसंच व्हायला लागलं. उद्यापासून हा कशाला येईल?

शेवटच्या दिवशी शांताताई गजक घेऊन आली होती. चूक तिची, तोरा तिचाच. "मी देवाधर्माचं केलं. डोकं ह्यानं चालवायचं होतं!"

हेमांगी हसू दाबत समरजीतला म्हणाली, "तुमची राहिली. जन्मवेळ?"

"कुणाला ठाऊक नाही."

"मी बाळंत होत होते, की घड्याळ बघत होते?" शांताताई कडाडली आणि चहाचं बघायला आत गेली.

"मग तुमची पत्रिका कुणाशी जुळायचीच नाही," हेमांगी हळूच म्हणाली.

"जुळत नाही, असंही कुणाला म्हणता येणार नाही…" त्याची बोटं कीबोर्डवर थबकली. "एक उरली ना? तुमची. सांगा."

तिच्या मांडीवर तो कागद होता. बाबांनी लाल शाईनं मंगळ काढलेला. साऱ्या लष्कराचं जुळवणाऱ्या बाबांना ह्या एका कागदापुढे हात टेकावे लागले होते. तिनं तो उलगडला, पाहिला, आणि घडी घालून गजकाच्या रिकाम्या पुड्यात टाकला.

"राहू द्या."

"का?"

"थोडी जागा रिकामी असली की बरी चालते, म्हणालात ना?"

तो तिच्याकडे बघत राहिला. ह्या वेळी तिनं नजर काढून घेतली नाही… सवय नव्हती, तरी.

आतून शांताताईनं हाक दिली, "पोरी, साखर कुठं ठेवतेस गं? आता मला माहीत असायला हवं!"