सहाव्या मजल्यावरची पंगत

"हा... हा माझा पुण्याचा जुना विद्यार्थी," संजीवनी इंग्रजीत म्हणाली.

लोखंडी जाळीच्या दाराबाहेर प्रबोध उभा होता. हातात संत्र्यांची पिशवी, कपाळावर घाम. कारण सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या त्या इमारतीत लिफ्ट पाचव्या मजल्यालाच थांबायची आणि सहाव्यावरच्या लोकांना शेवटचा जिना चढूनच घर गाठावं लागे. विद्यार्थी कसला... तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा तो! उल्हास आणि वहिनी एकाच अपघातात गेले, तेव्हा सहा वर्षांच्या या पोराला तिने छातीशी धरलं होतं, आणि त्याला सांभाळायला तयार नसलेल्या माणसाशी ठरलेलं आपलं लग्न अंगठी परत करून स्वतःच्या हाताने मोडलं होतं. त्याच मुलाला आज ती चारचौघांत परका म्हणत होती... आणि तेही त्याच्याच अब्रूसाठी.

प्रबोधने ते ऐकलं. त्याने मान खाली घातली.

चिनी नववर्षाची ती आदली संध्याकाळ होती, दोन हजार सहा सालची. त्या संध्याकाळचं जेवण चिनी कुटुंबात फक्त घरच्यांचं असतं. लांब गेलेली मुलं त्या दिवशी घरी येतात, पाहुण्यांना त्या टेबलावर जागा नसते. आणि तरीही या घरातल्या ‘आह मा’, म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजीने, आतून काहीतरी फर्मावलं आणि दहा वर्षांच्या शुआनने, तिच्या नातीने, धावत येऊन कुलूप काढलं. आजीच्या मते दारात उभं राहून बोलणं बरं नव्हे, आत या आणि बसा.

संजीवनीला काही उमगेना. हा इथे आलाच कसा... आणि आज आपण टेबल मांडत असताना आजीने तीन वाडगे जास्त का ठेवायला लावले?

ती या घरात आली ती आदल्या जुलैत. तिच्या शाळेची सिंगापूरच्या एका शाळेशी शिक्षकांची अदलाबदल ठरली होती. तिकडचा एक शिक्षक वर्षभर पुण्यात आणि इकडे गणित शिकवायला चोपन्न वर्षांची संजीवनी. बातमी कळताच तिने सगळ्यात आधी सिंगापुरातच मरीन परेड भागात राहणाऱ्या प्रबोधला फोन केला होता. वर्षभर त्याच्याजवळ राहायला मिळणार, नातीला मांडीवर घेता येणार... वेड्या मनाने काय काय रचलं होतं! प्रबोध बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. तो जरा थांबून म्हणाला की फ्लॅट लहान आहे, बायकोचे, क्षिप्राचे आईवडील सहा महिन्यांसाठी यायचे आहेत, आणि शाळाही तिथून लांब पडेल. संजीवनीने लगेच त्याची बाजू घेतली. अरे, मलाही शाळेजवळच सोयीचं, ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

शाळेने तिला सिउ लिन नावाच्या शिक्षिकेच्या घरी खोली मिळवून दिली. सिउ लिनने पहिल्याच दिवशी सहज विचारलं, इथे तुमचं कोणी आहे का. संजीवनीने सांगून टाकलं की नाही, कोणी नाही. आहे म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, की मग तुम्ही त्यांच्याकडे का नाही... आणि त्याचं उत्तर देताना प्रबोधकडे बोट गेलं असतं. स्वतःचा अपमान गिळायची तिला सवय होती, प्रबोधचा तिला सोसवला नसता.

त्या घरात पहिल्या संध्याकाळी मोठी गंमत झाली. संजीवनी शाकाहारी म्हणून आजीने नवी कढई आणून तिच्यासाठी वेगळी भाजी केली होती. सगळे टेबलाशी बसले आणि ही बाई मात्र ओट्याजवळ उभी. जन्मभर सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं, बऱ्याचदा उभ्याउभ्याच जेवलेली. तिला वाटलं, यांचं आटपू दे. आणि टेबलावरची चारही माणसं हात मांडीवर ठेवून, ही कधी बसते याची वाट पाहत राहिलेली! पंधरा मिनिटं गेली, वाफ विरली, मासा गार झाला. शेवटी सिउ लिनचा नवरा बून कियात याने संकोचत समजावलं की आमच्याकडे लहानांनी मोठ्यांना एकेकाला नात्याने हाक मारून जेवायला बोलवायचं असतं, त्याशिवाय कोणी घास घेत नाही. आणि आईला प्रश्न पडलाय की तुम्हाला कोणत्या नात्याने हाक मारायची.

आजीने तो प्रश्न स्वतःच सोडवला. "आह को," ती म्हणाली. बापाची बहीण. आत्या!

शुआनने लगेच हाक मारली, "आह को, ईट लाह." आत्या, जेवा ना. संजीवनी बसली. आत्या म्हणून तिला कोणी जेवायला बोलावलं होतं... ज्या भाच्याने बोलवायचं त्याने चौतीस वर्षांच्या आयुष्यात एकदाही बोलावलं नव्हतं.

नाही, त्याला दोष देऊन कसं चालेल? लहान असताना ती भरवायची आणि तो खायचा. मोठा झाला तेव्हा पान वाढून ती समोर बसायची. ती कधी जेवते हा प्रश्न मुलाला पडला नाही, कारण तिने तो पडूच दिला नाही. पण एक दिवस असा होता की त्या दिवशी तिने वाट पाहिली होती. त्याच्या लग्नाचा दिवस. नवऱ्या मुलाचे आईवडील म्हणून विधींना बसायला जोडपं हवं, एकटी बाई चालत नाही, असं भावकीतल्या शिरीषकाकांनी बजावलं आणि ते स्वतः सुरेखाकाकूंसह पाटावर बसले. संजीवनीने तेही हसून मान्य केलं. दागिन्यांच्या आणि आहेरांच्या राखणीसाठी ती कार्यालयाच्या वरच्या खोलीत जाऊन बसली. खाली विहिणींची पंगत बसली. वरमाईचं पान, भोवती रांगोळी, उदबत्त्या, आग्रह... सुरेखाकाकू त्या पानावर बसल्या. संजीवनीला मानाचं पान नको होतं. प्रबोध वर येईल, आत्या, चल जेवायला, एवढंच म्हणेल, म्हणून ती जिन्याकडे कान लावून बसली होती. तो आला नाही. संध्याकाळी वऱ्हाड निघालं तेव्हा तिच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं आणि हे कुणाला माहीतही नव्हतं.

त्यानंतर प्रबोध तिच्यासमोर मोकळा झालाच नाही. सिंगापुरात या सात महिन्यांत तो तिला दोनदा भेटला, दोन्ही वेळा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, घड्याळाकडे पाहत. दिवाळीत ऑफिसचं काम आहे म्हणाला. आणि आठवड्याने फोनवर त्याच्या चिमुरड्या मुलीने, आर्याने, निरागसपणे सांगितलं की दिवाळीला आमच्याकडे सो मेनी पीपल आले लाह. संजीवनीने विचारलं, फराळाला काय काय होतं गं. चकल्या तिनेच पाठवलेल्या होत्या.

आणि आज तोच प्रबोध तिच्यासमोर, आजीने दाखवलेल्या खुर्चीवर, अंग चोरून बसला होता.

हाका सुरू झाल्या. शुआनने आजीला बोलावलं, वडिलांना, आईला, मग नेहमीच्या गोड आवाजात आह कोला. बून कियात आणि सिउ लिन यांनी आजीला बोलावलं. आजीने चॉपस्टिक्स उचलल्या नाहीत. ती प्रबोधकडे पाहत होती. बून कियातने हळूच सांगितलं की या टेबलावर प्रत्येकाने आपल्याहून मोठ्याला बोलवायचं असतं, तुमचं अजून राहिलंय.

संजीवनीचा जीव कासावीस झाला. ती घाईघाईने म्हणाली की तो पाहुणा आहे, त्याला हे माहीत नाही, राहू द्या. पण प्रबोध उठून उभा राहिला होता.

"आत्या," तो म्हणाला, "जेवायला बस."

तीन शब्द! संजीवनीने पदर तोंडाशी नेला.

"मी त्या दिवशी आलो होतो, आत्या," त्याचा आवाज फुटला. "विहिणींची पंगत बसली तेव्हा तुला बोलवायला जिना चढलो होतो. अर्ध्यात शिरीषकाकांनी हाक मारली, म्हणाले, आत्ता तिला खाली आणू नकोस, बरं दिसत नाही. आणि मी... मी परत फिरलो. तू वर उपाशी आहेस हे मला ठाऊक होतं. मुंडावळ्या बांधून मी पोटभर जेवलो. तेव्हापासून तुझ्यासमोर आलो की मान वर होत नाही. तू घरी राहायला येतेस म्हटल्यावर भीती वाटली, रोज तुझ्यासमोर जेवायला कसा बसू... म्हणून फ्लॅट लहान झाला. क्षिप्राला सांगितलं की राहण्याची सोय शाळाच करते, असा नियम आहे. तिला यातलं परवापर्यंत काहीच माहीत नव्हतं."

"परवा काय झालं?"

उत्तर शुआनने दिलं, कारण मराठी कळत नसली तरी एवढं तिला कळलं. "पप्पा कॉल्ड हिम. वी ऑलवेज न्यू लाह, आह को." त्यांना पहिल्यापासून माहीत होतं!

बून कियात शरमून हसला. संजीवनी यायच्या आधीच शाळेने पाठवलेल्या कागदावर, अडीअडचणीला कळवायचा माणूस म्हणून, प्रबोधचं नाव, भाचा हे नातं आणि मरीन परेडचा पत्ता होता. कोणी नाही असं तिने सांगितलं त्या दिवशीच त्यांना कळलं होतं की ही बाई काहीतरी झाकते आहे, आणि जे ती झाकते ते आपण उघडायचं नाही असं आजीने घराला बजावलं होतं. सात महिने त्यांनी तिचं खोटं तिच्याइतक्याच निष्ठेने सांभाळलं. पण वर्षाचं हे जेवण आलं, आणि आजी म्हणाली की माणसं अर्ध्या तासावर असताना हिने एकटीने बसायचं, हे माझ्या टेबलावर चालणार नाही.

संजीवनीने आजीकडे पाहिलं. त्या दोघींना एकमेकींची भाषा कधीच आली नव्हती. आजीने फक्त मान हलवली.

"मी तुला विद्यार्थी म्हटलं रे," संजीवनी हुंदका आवरत म्हणाली, "तुला राग आला असेल..."

"मी त्याच लायकीचा आहे."

"असं बोलू नकोस. बस. भूक लागली असेल तुला."

या बाईला काय म्हणावं! अजूनही त्याच्याच भुकेची काळजी. प्रबोध बसला नाही. क्षिप्रा आणि आर्या पाचव्या मजल्यावर लिफ्टपाशी थांबल्या आहेत, तू जवळ करशील की नाही याचा भरवसा नव्हता म्हणून वर आणल्या नाहीत, असं तो पुटपुटला. उरलेल्या दोन वाडग्यांची माणसं शोधायला शुआन कधीच जिना उतरून गेली होती.

क्षिप्रा आली ती संजीवनीच्या पायांशी वाकली. तीन जास्तीच्या वाडग्यांपुढे तीन माणसं बसली. शुआनने वर येता येता आर्याला काय शिकवलं होतं कोण जाणे, ती पोर खुर्चीत बसल्याबरोबर इकडे तिकडे पाहून म्हणाली, "आत्याआजी, जेवायला बस."

आता आजीने पहिला घास घ्यायचा, ही रीत. आजीने चॉपस्टिक्सनी भाजी उचलली, ती संजीवनीच्या वाडग्यात ठेवली आणि आपल्या चॉपस्टिक्स आडव्या ठेवून हात मांडीवर घेतले. तिचं पाहून बून कियातने तसंच केलं, सिउ लिनने केलं, शुआनने केलं. प्रबोधनेही हात मांडीवर ठेवले. मासा गार होत होता आणि आठ जणांच्या त्या टेबलावर सगळे तिची वाट पाहत होते.

संजीवनीने डोळे पुसले, पदर सारखा केला, आणि चोपन्न वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी घास घेतला. मग बाकीचे जेवू लागले.