साडीवरची दारं

शिवलीलाच्या साड्यांना ज्यानं नावं ठेवली नाहीत असा माणूस लोहाऱ्यात शोधूनही सापडला नसता. पुण्यात शिकताना तिनं सर्रियालिस्ट चित्रकारांची, म्हणजे झोपेत दिसावं तसं जग रंगवणाऱ्यांची चित्रं पाहिली, आणि तेव्हापासून तिच्या कापडावर मोर आणि कोयऱ्या यायच्या बंद झाल्या. कधी माशांना पाय फुटायचे, कधी ढगांना गुंड्या. या वेळी दारं होती. अंगभर छोटी, निळी, बंद दारं.

“बाई, दारं भिंतीला असत्यात,” छपाई करणारे गुंडप्पा म्हणाले. छापली मात्र मन लावून. साचा एकच. तो उचलायचा, पुढं टेकवायचा, रंग ओढायचा. पहिलं दार जसं, तसंच शेवटचं.

नव्या नक्षीच्या पहिल्या साडीची घडी मोडायचा मान गंगम्मा मावशीचा. आई गेल्यावर शिवलीलाला तिनंच वाढवलं होतं. नेसण्याआधी पदराला हळदीकुंकवाचं बोट लावायची तिची रीत, म्हणून करंडा घेऊनच ती छपाईच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली.

“मावशी, बोट नको लावू गं. परवा प्रदर्शनात न्यायचीय, डाग दिसंल.”

“अगं, कोरं कापड तसंच कसं नेसावं?”

“या टायमाला राहू दे की.”

लेकीचा हट्ट म्हणून मावशीनं करंडा मिटून बाजूला ठेवला. साडी नेसून तिनं ऐटीत फोटो काढून घेतले, आणि मग जेवण अंगावर आल्यासारखी तिथंच सतरंजीवर लवंडली.

गुंडप्पा घरी जेवायला गेले. थोड्या वेळानं लाईट गेली. पंखा थांबला, पत्रा उन्हानं तडतडू लागला, ओल्या रंगाचा वास कोंदला. शिवलीला मोबाईलवर फोटो बघत होती, तोच तिच्या पोटरीला गार वारा लागला. ऐन वैशाखात, दार लावलेल्या शेडमध्ये. वाऱ्याला वास होता तो बरीच वर्षं न उघडलेल्या खोलीचा.

वारा मावशीकडून येत होता. तिच्या निऱ्यांवरचं एक दार किलकिलं झालं होतं.

छपाईत चूक झाली असेल, असं शिवलीलानं स्वतःला समजावलं. पण साचा तर एकच होता. तिनं फोटो मोठा करून पाहिला. त्यात सगळी दारं बंद होती. पुन्हा साडीकडं पाहिलं, तर आता तीन उघडी... आणि ती ओळीनं वर, छातीकडं चालली होती.

“मावशी... ए मावशी...”

हात माठासारखा गार लागला. श्वास चालू आहे की नाही, कळेना. आईलाही ती अशाच हाका मारून दमली होती, आणि आई उठली नव्हती. शिवलीलाला भडभडून आलं. हिला ती जाऊ देणार नव्हती. तिनं खांदे हलवले, तोंडावर पाणी मारलं. साडी सोडायला गेली, तर एकही निरी सुटेना. छातीवरचं दार हळूच... हलायला लागलं.

करंडा उशाशी होता. बोटभर नाही, मूठभर हळदीकुंकू तिनं पदराला फासलं. प्रदर्शन गेलं खड्ड्यात!

वारा पडला. मावशीनं लांब श्वास घेतला, एक दणदणीत शिंक दिली आणि डोळे उघडून म्हणाली, “अव्वा! ही काय होळी खेळलीस?”

शिवलीलाचा जीव भांड्यात पडला. मावशीच्या गळ्यात पडून ती हसत होती, रडत होती. साडीवरची दारं एकूण एक बंद होती. लाईट आली, पंखा फिरला, गुंडप्पाही आले आणि लाल-पिवळी झालेली साडी बघून म्हणाले, “आता कशी साडी वाटायली!” त्यावर तिघंही पोटभर हसले.

चहा पिता पिता गंगम्मानं शिवलीलाकडं टक लावून पाहिलं.

“पण तू इतक्या झटकन कशी आलीस गं बाहेर?”

“कुठनं?”

“आतनं. त्या निळ्या दारातनं. मला परत न्यायला तूच की आलतीस. म्हटलीस, मावशी, तू हो पुढं... मी दार लावून घेते.”