रणगाड्याची सावली

"अरे, पुन्हा पाडला! वच्छे, पुंज्या, धावा!" कडूबा पडवीतूनच ओरडला.

वच्छला हातातली भाकरी तशीच टाकून धावली. फळीवर त्यांचा रणगाडा डाव्या अंगावर कलंडला होता. शेपटाची चाकं वर, आणि एका बाजूचा पट्टा निघून खाली पडलेला!

"मांजर असणार," शेजारचा पुंजाराम म्हणाला.

"मांजराला पट्टा काढता येतो होय रे, शहाण्या? हे त्या बद्रीनाथचंच काम! त्याच्या आगगाडीला पहिलं बक्षीस हवंय ना!" वच्छला फणकारली.

शहागंजच्या वाचनालयात सुट्टीतलं मुलांचं प्रदर्शन रविवारी भरणार होतं. कडूबाचे वडील तात्यासाहेब त्याचे चिटणीस. ते वच्छलेचे थोरले चुलते, आणि हर्सूलच्या घरात त्यांचाच शब्द चाले. निजामावरच्या पोलीस ॲक्शनला वीस वर्षं उलटून गेली होती, तरी रणगाडा म्हटलं की मोठी माणसं तेव्हाच्याच गोष्टी सांगत. मुलांना मात्र जगातला अगदी पहिला रणगाडा करायचा होता, आणि तोही हुबेहूब!

त्यासाठी तिघांनी वाचनालयातली कपाटं पालथी घातली होती. मागच्या शेपटाच्या दोन चाकांवरून तर हातघाईची वेळ आली. एका चित्रात ती चाकं होती, दुसऱ्यात नव्हती! अखेर उलगडा झाला. पहिल्यावहिल्या रणगाड्यांना वळवायला सोपं जावं म्हणून ती चाकं लावली होती. त्यांचा फारसा उपयोग होईना, म्हणून पुढे काढून टाकली. मग पुंजारामनं खोक्याच्या फळ्या कापल्या, तुपाच्या डब्याचा पत्रा ठोकला, सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे केले. आणि आता रोज दुपारी कुणीतरी तो पाडत होतं.

"ए, हे बघ!" कडूबानं पत्र्यावरून बोट फिरवलं. बोट पिवळंधमक झालं. रणगाड्याला टेकून एक गुळगुळीत खडा होता, त्याच्यावरही पिवळं.

"हळद?"

"हळद नाही, भंडारा," वच्छला हळूच म्हणाली. खंडोबाचा भंडारा बद्रीनाथच्या घरी कुठून असणार? तो तर आपल्याच घरातला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं घर घोरत असताना तिघं बाजेखाली दडून बसले. थोड्या वेळानं काठीचा आवाज आला. आप्पा! वच्छलेचे आणि कडूबाचे आजोबा, तात्यांचे वडील. जन्म मेंढरांमागे गेलेला म्हातारा. हल्ली ते एकटेच काहीबाही पुटपुटत, आणि 'आप्पांचं डोकं फिरलंय' असं म्हणून घरातले मोकळे होत. आप्पांनी रणगाडा हलक्या हातानं कलता केला, पट्टा काढून ठेवला, कनवटीचा खडा काढून शेजारी मांडला आणि त्यावर चिमूटभर भंडारा टाकला.

वच्छला ताडकन बाहेर आली. "आप्पा! आम्ही मर मर मरतोय आणि तुम्ही रोज मोडताय? तात्या, बघा हो! ह्यांना गावी पाठवून द्या!"

तात्यासाहेब झोपमोड झाल्यानं आधीच चिडलेले. "बरोबर बोलली पोर. उद्या सकाळी आपला गडी कारभारी देवगावला चाललाच आहे. त्याच्याबरोबर जा तुम्ही, आप्पा. धाकट्याकडे राहा थोडे दिवस."

आप्पांनी मान खाली घातली. पट्टा तेवढा वच्छलेच्या हातात दिला आणि निघून गेले.

संध्याकाळी पुंजाराम पट्टा बसवायला बसला. "वच्छे, एक गंमत बघ. रोज डावाच पट्टा निघतो. कलतोही रोज डावीकडेच. आणि एक खिळासुद्धा वाकलेला नाही! मोडणारा माणूस असं करील का? हे तर मांडल्यासारखं आहे."

 वच्छला तशीच उठून गोठ्याकडे गेली. आप्पा आपलं गाठोडं बांधत होते.

"आप्पा, तो रणगाडा तुम्ही कुठं पाहिला?"

आप्पांचे हात थांबले. "निजामाच्या रिसाल्यात साईस व्हतो मी, पोरी. घोड्यायचा खरारा, दाणापाणी. संगं आपल्या देवगावचा सांडू. पयल्या मोठ्या लढाईला लई लांब नेलं आमाला, गाझाकडं. निस्ती रेती! झाड म्हणून नाय. तिथं ह्यो मरून पडलेला, आसाच, डाव्या अंगावर. सांडूला गोळी लागली. चितंला लाकूड कुठून आणावं? मग ह्याच्याच सावलीला मातीआड केला. दगुड ठिवला, भंडारा टाकला. घरी येऊन त्याच्या मायला म्हनलं, मावशे, सावलीत ठिवलाय तुजा ल्योक."

त्यांनी गाठोड्याची गाठ आवळली. "पर सावली फिरती, पोरी. दुपारच्याला त्याच्यावर ऊन येत आसंल. तवा सुचलंच नाय मला."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"इचारलं कुनी?" आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वच्छलेला सोसवलं नाही. सगळं वाचनालय धुंडाळलं, आणि आजोबा घरात असून त्यांना एक शब्द विचारला नाही!

ती धावत तात्यांकडे गेली. रडली, हातापाया पडली. "आता शब्द फिरवू नकोस!" तात्या म्हणाले. "कारभारीला सांगून झालंय. मला प्रदर्शनाची कामं थोडी आहेत का?"

सकाळी तिला जाग आली तेव्हा आप्पांची बाज रिकामी होती. फळीवर, रणगाड्याशेजारी, तो खडा मात्र होता.

रविवारी तात्यांनी बजावलं, "रणगाडा सरळ उभा ठेवायचा, चकचकीत!" "हो तात्या!" तिघं एका सुरात म्हणाले. चादरीखाली झाकून त्यांनी तो शहागंजला नेला. कडूबानं हर्सूलच्या तळ्याकाठची रेती पिशवीतून आणली होती. तात्या पाहुण्यांना आणायला फाटकाशी गेले मात्र, पुंजारामनं ताटात रेती पसरली, रणगाडा डावीकडे कलता केला, पट्टा काढला. वच्छलेनं खडा ठेवला, भंडारा टाकला आणि पुन्हा चादर ओढली.

प्रमुख पाहुणे फौजेतून निवृत्त झालेले मेजर होते. त्यांच्यासमोरच कडूबानं चादर उचलली.

"अरे! मोडकं काय ठेवलंय हे?" तात्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"मोडकं नाही, तात्या. तो असाच पडला होता," वच्छला म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. चाकांचं, रेतीचं, सांडूचं. 

मेजरसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. "शाबास! हुबेहूब म्हणतात ते याला, मुलांनो! तात्यासाहेब, ते आजोबा कुठं आहेत? मला त्यांना भेटायचंय."

तात्या चाचरले. "ते... गावी. मीच पाठवलं." मग वच्छलेकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "चुकलं माझं. उद्या जाऊन घेऊन येतो त्यांना."

"आणणारच ना, तात्या?" कडूबानं लगेच पक्कं करून घेतलं. पुंजाराम तर उड्याच मारत होता. "वच्छे, पहिलं बक्षीस आपलंच!"

वच्छलेला हसू आलं नाही. तात्यांनी पाठवलं खरं, पण 'गावी पाठवून द्या' हे शब्द तिचे होते. ते ऐकताना आप्पांनी मान कशी खाली घातली, हे तिनं पाहिलं होतं. उद्या आप्पा परत आले, तरी ते शब्द काही परत घेता येणार नव्हते.

सभेत भाषणं सुरू झाली. तिघांची नावं पुकारली गेली, टाळ्या कडाडल्या. "वच्छे, चल ना! बोलावतायत!" कडूबा तिला ओढू लागला.

पण वच्छलेचं लक्ष खिडकीकडे होतं. दुपार कलली होती आणि उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत सरकत पिवळ्या खड्यावर आला होता.

"तुम्ही घ्या बक्षीस. मी येते नंतर," ती म्हणाली, आणि खिडकीला पाठ लावून, खड्यावर आपली सावली पडेल अशी उभी राहिली.