अत्तरसिंगांची बाजू

सरहिंदच्या स्टेशनावरची मोठ्या लायनीची माणसं आमच्या गाडीला लंगडी म्हणत. म्हणोत बापडी. त्यांना चालायला दोन रूळ लागत, आम्हाला एकच पुरे. सडकेच्या कडेने एक रूळ, त्यावर डब्याचा सगळा भार आणि दुसऱ्या अंगाला लोखंडी दांड्याच्या टोकाशी एक मोठं चाक, ते सडकेवरून चालायचं. पुढे पलटणीतून आलेली खेचरं. सरहिंदहून बस्सीच्या मंडीपर्यंत आम्ही धान्य आणि माणसं अशी नेत असू. मी, मेहरचंद सूद, या गाडीचा गार्ड होतो. कुणी नाव विचारलं तर आजही हे आधी सांगतो, नाव मागाहून.

डबा तोलावर चालायचा. रुळाच्या बाजूला गर्दी झाली की सडकेवरचं चाक हलकं व्हायचं, आणि ते पुरतं उचललं गेलं तर डबा कडेच्या खड्ड्यात जाणार. म्हणून चाकाच्या बाजूच्या बाकावर, अगदी टोकाला, अत्तरसिंग बसत. तरुणपणी बस्सीच्या आखाड्यातले पैलवान. दाढी पांढरी झाली होती तरी बसले की बाक करकरायचा. तिथे बसणं हीच त्यांची नोकरी होती आणि त्याबद्दल कुणी हसलं तर ते स्वतःच आधी हसत.

उतारू चढू लागले की बसल्या जागेवरून त्यांचे हुकूम सुटत. ‘लालाजी, तिकडे कुठे निघालात? तुमच्या पोटाची इकडे गरज आहे. बीबी, तुम्ही बसा खुशाल त्या अंगाला, तुमचं वजन ते काय, ओढणीएवढं.’ लोक कुरकुरत आणि सांगितलं तिथे बसत. आमचा डबा एकदाही कलंडला नाही, तो या माणसामुळे.

वाटेत फतेहगढ साहिबचा गुरुद्वारा लागायचा, नेमका रुळाच्या बाजूला. त्याचं निशाण, तो उंच झेंडा, दिसला की डब्यातली झाडून सगळी माणसं तिकडे वळून माथा टेकत. तसं करू नका म्हणायची माझी काय छाती? त्या वेळी अत्तरसिंग उलट्या बाजूला रेलत, जवळजवळ त्या लोखंडी दांड्यावर, तोंड शेतांकडे करून. रोज पहाटे गुरबाणीचा पाठ करणारा हा शीख, पण गाडीतून जाताना त्यांनी तिथे कधी मान वाकवली नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, ‘मी टेकलो तर गाडीपण टेकेल, बाबू. गुरुमहाराजांना माझी ड्यूटी ठाऊक आहे.’ आणि पुढे, ‘रोज पाठ फिरवावी लागते, ते सलतं. एक दिवस उतारू होऊन जाईन. मग सगळ्यांसारखा वळेन.’

त्याच वर्षी पावसाळ्यामागच्या तापात अत्तरसिंग गेले.

गाडी पतियाळा संस्थानची, तिथून एक अंमलदार आले. त्या जागी लोखंडी वजन बसवू म्हणाले, ते येईपर्यंत माणसं नेणं बंद. मी त्यांच्याशी वाद घातला. पोह म्हणजे पौष महिन्यातला फतेहगढ साहिबचा जोडमेळा तोंडावर होता, त्या गारठ्यात बस्सीची म्हातारी माणसं पायी जाणार होती का? शेवटी ते म्हणाले, ‘ठीक आहे, न्या. पण एकदा जरी डबा कलंडला, तर त्यात पुन्हा माणूस बसणार नाही. फक्त पोती.’ मी कबूल केलं. अत्तरसिंगांनी आयुष्यभर राखलेली ती गोष्ट आता मला राखायची होती, आणि माझ्या अंगावर तर मूठभरही मांस नाही.

पहिल्यांदा बोलला तो फत्तू, आमचा खेचरं हाकणारा. गाडी हलकी झालीच नाही, म्हणाला. एवढा थोरला माणूस उतरला तरी खेचरं निघताना तसाच जोर लावतात. मी म्हटलं, थंडीने वंगण घट्ट झालं असेल. वंगण बदलून घेतलं. खेचरांना काही फरक पडला नाही.

मग ती जागा. मी तिथे निवडून जाडजूड उतारू बसवायचो आणि ते थोड्या वेळात उठायचे. बस्सीचा किरपाराम हलवाई माझ्या दुप्पट होता. तोही उठला.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘जागा कुठाय तिथे?’

‘अख्खा बाक मोकळा आहे, लालाजी.’

‘मग तुम्हीच बसा ना,’ तो म्हणाला आणि उभाच राहिला.

मी बसलो. बाहेर धुकं इतकं दाट होतं की खेचरांचे कान दिसत नव्हते, ऊन तर दोन दिवस पडलं नव्हतं. बाक उबदार होता. अत्तरसिंग अंगाला चोळत त्या मोहरीच्या तेलाचा वासही आला, पण आमच्याकडे तो कुठे येत नाही? मी उठलो आणि तिकिटं तपासू लागलो.

मेळ्याच्या दिवशी डब्यात मुंगीला वाट नव्हती. पायरीवर माणसं, दाराला माणसं, मांडीवर पोरं आणि लंगरासाठीचं पीठ. तेवढ्या गर्दीत टोकाची जागा रिकामी होती. कुणी तिच्याकडे पाहतही नव्हतं. मी ओरडून ओरडून माणसं चाकाच्या बाजूला सरकवत होतो, घसा बसला होता.

एकाएकी धुकं फाटलं आणि निशाण समोर आलं.

सगळा डबा एकदम तिकडे वळला. ‘वाहेगुरू’ असा एकच आवाज झाला आणि पायाखालची फळी तिरकी झाली.

मी लोखंडी दांड्याकडे धावलो, त्यावर पोट टेकून लटकलो. खाली पाहिलं. चाक सडकेपासून सुटलं होतं. हवेत गरगरत होतं.

आता गेलं, असं वाटलं. अत्तरसिंगांचं सगळं गेलं.

माझ्या मागे बाक करकरला.

चाक खाली आलं. आपटलं नाही. कुणी झोपलेलं मूल ठेवावं तसं सडकेवर टेकलं आणि खडी दाबत चालू लागलं.

मी मागे पाहिलं. बाक रिकामा होता.

कुणाला काही कळलं नाही. मेळ्याला उतरताना एक म्हातारी मात्र माझ्यावर रागावली. ‘पुत्तरा, तुझ्या त्या सरदारजींना काही रीत आहे का? सगळं जग माथा टेकतंय आणि हे पाठ करून बसलेत.’ मी तिची गाठोडी उतरवून दिली.

पुढे लोखंडी वजन आलं. मग काही वर्षांनी मोटारी आल्या, मंडीचा माल त्यांनी पळवला आणि आमचा रूळ उखडला गेला. तोवर आमचा डबा एकदाही कलंडला नव्हता. मोठ्या लायनीवाल्यांनी असं छातीवर हात ठेवून म्हणून दाखवावं.

रूळ गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी सरहिंदहून टांग्याने बस्सीला निघालो. उतारू मी एकटाच, टांगेवाल्याशेजारी पुढे बसलेला. सामान नव्हतं. गाव सुटताच तो घोड्याचे पट्टे पाहू लागला.

‘बाबूजी, मागे काय ठेवलंय? टांगा मागून दबतोय.’

‘काही नाही,’ मी म्हटलं.

‘काही कसं नाही? घोडा उचलला जाईल.’

मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही. पण भीतीही वाटली नाही, खरं सांगतो. जुन्या रुळाच्या जागी आता गवत उगवलं होतं. त्याच्या पलीकडे निशाण दिसू लागलं तसा टांगेवाल्याने लगाम सैल केला आणि हात जोडले. मीही जोडले.

‘चाचा,’ मी हळूच म्हटलं, ‘आता तुम्ही उतारू आहात.’

सडक तिथे सपाट आहे. टांगा निशाणाच्या बाजूला सावकाश झुकला, खूप वेळ तसाच राहिला आणि मग सरळ झाला.

टांगेवाला खाली उतरून चाक तपासू लागला.