पट्ट्यामागची मूठ

दिवा राहू दे ना जरा. घाबरले नाहीये गं मी, फक्त सांगताना समोर कुणाचा तरी चेहरा दिसलेला बरा. आणि मधेमधे ‘काहीतरीच काय’ म्हणू नकोस. शेवटी म्हण.

काम अगदी साधं होतं. आजोबांना एक शॉट हवा होता. मी लग्नांचे व्हिडिओ करते, माझ्यासाठी ते काय मोठं? तर आजोबा युद्धाच्या काळात लष्कराच्या फिल्म युनिटमध्ये कॅमेरामन होते. लढाईचे नाही हं, शिकवायचे सिनेमे. बॉम्ब पडलेल्या घरात शिरायचं कसं, जिना तपासायचा कसा, असलं सगळं नव्या भरतीच्या पोरांना दाखवायचं. सेटबिट काही नाही. खरंच बॉम्ब पडलेली एक शाळा होती, सैनिकांचा सराव तिच्यातच आणि शूटिंगही तिच्यातच.

आता बघ, सैनिक कॅमेऱ्यावर चालून येणार, म्हणजे कॅमेरामननं उलटं चालायचं. डोळा कॅमेऱ्यात, मग मागचं बघणार कोण? त्यासाठी एक माणूस असायचा. आजोबांचा कमरेचा पट्टा मागून मुठीत धरून तो त्यांना चालवायचा. दिवसभर मागे चिकटलेला, म्हणून अख्खं युनिट त्याला शेपूट म्हणायचं. फटाफट गोळ्या सुटत असताना बोलून काय उपयोग? म्हणून खुणा ठरवलेल्या. पट्टा ज्या बाजूला ओढला त्या बाजूला सरकायचं. पाठीवर एक थाप म्हणजे पायरी आली. दोन थापा म्हणजे थांब.

“बायकोनं नसेल धरलं इतकं त्यानं धरलंय मला,” आजोबा म्हणायचे, तेही आजीसमोर. आजी म्हणायची, “मग चहा त्याच्याकडेच मागा.”

शेपूटचा जीव त्याच शाळेत गेला. वरच्या मजल्यावर शॉट चालू असताना त्याच्या पायाखालची जमीनच खचली. तो खाली, आणि आजोबा कडेला उभे, कॅमेरा तसाच हातात. सगळे म्हणाले, पट्टा हातातून निसटला म्हणून तुम्ही वाचलात.

“निसटला की सोडला?” आजोबांनी मला एकदा विचारलं होतं. “निसटला असेल तर माझं नशीब, टकळे. पण त्यानं सोडला असेल तर... एवढी वर्षं मी आभार तरी कुणाचे मानले?”

टकळी म्हणजे मी. बोलते ना फार.

आता ती शाळा पाडतायत, आणि आजोबांना जवळजवळ दिसतच नाही. त्यांना हट्टानं तोच शॉट हवा होता. दिसला नाही तर ऐकेन म्हणाले. मग काय, नेलं. दुपारची वेळ, लख्ख ऊन, भुताबिताला वावच नाही. खाली दारापाशी त्यांना खुर्ची मांडून दिली. तिथल्या वॉचमनला गप्पांना माणूस मिळाला, आजोबांना श्रोता.

मी जीन्स वर ओढली तर म्हणाले, “लग्नातपण अशीच ओढतेस का? हा घे.” आणि स्वतःचा पट्टा काढून दिला. तोच तो. पायजम्यावरसुद्धा घालतात गं ते! जाड चामडं, आणि मागच्या बाजूला एक फुगवटा आहे, मूठ मावेल एवढा. खुंटीला टांगला तरी जात नाही तो.

वर गेले. खिडक्या विटांनी बुजवलेल्या, त्यामुळे भर दुपारी अंधार. ओल्या चुन्याचा वास, जुन्या काजळीचा वास. मागे वळून बघितलं, लांब बोळ होता, थोड्या अंतरावर जमिनीवर निळी ताडपत्री अंथरलेली. म्हटलं ठीक आहे. मोबाइल जिन्याकडे धरला आणि उलटी चालायला लागले. कर्र... कर्र... बुटाखाली वाळू. चार पावलं गेले असेन, आणि मागून कुणीतरी पट्टा धरला.

मला वाटलं वॉचमन. म्हटलं, “दादा, सोडा हं, मी बघून चालतेय.”

आणि तेवढ्यात खालून वॉचमनचं हसू ऐकू आलं. आजोबांच्या कुठल्यातरी विनोदावर.

मशीनच्या तेलाचा वास यायला लागला... आणि घामाचा. मूठ गरम होती, कपड्यातून कळत होतं. तिनं मला जरा डावीकडे ओढलं. मी सरकले, वेडीसारखी. अजून एक पाऊल. मग पाठीवर दोन थापा.

थांबले. टाच मागे होती, ती नुसती टेकवली... तर ताडपत्री खाली गेली. सुळ्ळकन. खालच्या मजल्यावर जाऊन पडली, आणि मागच्या भगदाडातून गार हवा आली.

मी हललेच नाही. मग पुन्हा थापा आल्या. हळू. एक... दोन... तीन. आणि मूठ सुटली. झटक्यानं नाही गं. एकेक बोट करून.

खाली कशी आले मला आठवत नाही. आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून रडत सगळं सांगितलं. ते माझ्या केसांतून हात फिरवत होते. शेवटी तीन थापा म्हटल्यावर तो हात थांबला.

“तीन कुणी सांगितल्या तुला?”

“कुणीच नाही, आजोबा.”

“तीनची खूण आमच्यात नव्हतीच. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा मारल्या, मग पट्टा सुटला आणि तो गेला. मी कधी कुणाला बोललो नाही. वाटलं, भास असेल.” मग एकदम हसले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. “सोडला! गाढवानं मुद्दाम सोडला! चल, दे माझा पट्टा.”

तिथंच पायजम्यावर चढवला.

तेव्हापासून आजोबा घरात काठी घेत नाहीत. टीपॉयला धडकत नाहीत, उंबऱ्याला अडखळत नाहीत. आई म्हणते, नवीन ड्रॉप्सचा गुण आला. पण मी मागून बघितलंय. ते चालतात ना, तेव्हा तो फुगवटा नुसता फुगलेला नसतो. पट्टा ताणलेला असतो, कमरेपासून चांगला दूर.

आज सकाळी ते खोलीतून आले आणि दारातच थांबले. चेहरा इतका प्रसन्न!

“टकळे, आत्ता माझ्या पाठीवर तू थोपटलंस?”

“नाही, आजोबा.” मी समोर होते, चहा घेऊन. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. “किती वेळा?”

“दोन,” ते म्हणाले आणि मजेत हसले. “घाबरू नकोस. तीन झाल्या की तुलाच आधी सांगेन.”