बर्फाच्या कारखान्यावरून डावीकडे

शहराची बस जिथे वळून परत जाते, तिथे माझं औषधांचं दुकान आहे. तिथून पुढे आमचं गाव. शहर आम्हाला आपलं म्हणत नाही आणि गाव म्हणावं तर आता शेत औषधालाही उरलेलं नाही. बसमधून उतरलेला प्रत्येक अनोळखी माणूस सरळ माझ्या काउंटरवर येतो. दिवसभरात गोळ्या खपत नाहीत तेवढे पत्ते मी सांगते, तेही फुकट.

आमच्याकडे पत्ता सांगायची एक पद्धत आहे. जे उरलेलं नाही त्यावरून सांगायचा. बर्फाचा कारखाना मी शाळेत असताना पाडला. तिथे आता काचेच्या गॅलऱ्यांची इमारत आहे. तिच्या दारावर पितळी अक्षरांत भलंमोठं नाव आहे, पण ते विचारत फिरलात तर इथला एकही माणूस तुम्हाला तिथे पोचवू शकणार नाही. 'कारखान्यावरून डावीकडे' म्हटलं की सगळ्यांना कळतं. विहीर बुजवून तिच्यावर गाड्या लावायची जागा केली, तरी आम्ही विहिरीपाशीच वळतो. ट्रकांचं वजन करायचा काटा केव्हाच भंगारात गेला. त्याच्यासमोरच्या नर्सबाई मात्र अजून काट्यासमोरच राहतात. सगळं इतक्या भराभर बदललं की नवी नावं पाठ करायला कुणाला सवडच मिळाली नाही.

माझ्या नवऱ्याला याची भारी मजा वाटायची. तो शहरात वाढलेला. "तुमच्या गावात नकाशा काय कामाचा? इतिहासाचा मास्तर बरोबर हवा," म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. सकाळी स्कूटरवरून मोठ्या रस्त्याने शहरात जायचं आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने घरी यायचं. गावाच्या आतल्या गल्ल्यांत तो कधी पायी फिरलाच नव्हता. मला वर-खाली कळतं, डावं-उजवं तू बघ, असं वर तोंड करून सांगायचा.

पहिल्यांदा मला खटकलं ते एका औषध कंपनीच्या माणसामुळे. डॉक्टरांचं घर कुठे, म्हणून त्याने विचारलं आणि मी नेहमीसारखं सांगितलं. थोड्या वेळाने तो परतीच्या बससाठी आला तेव्हा त्याची पँट घोट्यापर्यंत ओली होती आणि बुटांना लाकडाचा भुसा चिकटला होता.

"रस्ताभर पाणीच पाणी आहे मॅडम," तो म्हणाला, "पण काय गार वाटतं हो तिथे!"

पाइप फुटला असेल आणि जवळपास कुणी सुताराला बोलावलं असेल, असं मी म्हटलं. तो गेल्यावर फरशीवरचा भुसा झाडून काढला. माझ्या लहानपणी बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून न्यायचे, हे तेव्हा आठवलं. म्हटलं, असेल योगायोग.

मग एक बाई आली, नणंदेकडे निघालेली. परत येताना काउंटरवर थांबून म्हणाली, "त्या विहिरीचा कठडा ढासळलाय. पोरं खेळतात तिथे. कुणाला तरी सांगा बाई." मी काही बोलायच्या आत तिची बस सुटली. मी शटर अर्धं ओढून जाऊन पाहिलं. ओळीने गाड्या लावलेल्या होत्या. सिमेंट उन्हाने तापलं होतं आणि रखवालदार खुर्चीत पेंगत होता.

माझ्या शेजारी केशकर्तनालय आहे. तिथल्या काकांना मी हे हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत.

"मी पत्ते सांगणं सोडून दिलंय," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर म्हणतो, मी नवीन आहे इथे."

"तुम्ही? नवीन?"

"आपल्या लोकांना काही होत नाही. त्यांना वाट ठाऊक असते, ते ऐकतात कुठे? नुसत्या सांगण्यावर चालतो त्याचं..." त्यांनी वस्तरा पुसला. "परत येऊन काय काय सांगतात. म्हणजे, येतात ते."

असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी मी नव्हे. तरी त्या दिवसापासून मी आज दिसणाऱ्या खुणा सांगायला लागले. त्या पाठ केल्या. काचेची इमारत, निळं गेट, मोबाइलचा टॉवर. पण लहानपणापासून जिभेला लागलेलं वळण असं सहज मोडत नाही.

त्या दिवशी नवऱ्याला सुट्टी होती. भरदुपारी तो दुकानात येऊन बसला होता आणि गिऱ्हाइकांच्या तोंडावर मला चिडवत होता. नर्सबाईंचा फोन आला की पाय सुजलाय, गोळ्या पाठवून दे. माझ्यापुढे गर्दी होती.

"दे इकडे, मी नेतो," तो म्हणाला. "राहतात कुठे?"

मी एका म्हाताऱ्याला औषधाची मात्रा समजावत होते. मान वर न करता म्हटलं, "बर्फाच्या कारखान्यावरून डावीकडे, विहिरीपाशी उजवीकडे, काट्यासमोर."

"मास्तर कुठे मिळतील?" असं म्हणून तो हसत निघून गेला.

म्हातारा गेला. मी पुढची चिठ्ठी हातात घेतली, आणि आपण काय बोललो ते लक्षात आलं. फोन लावला. त्याने लगेच उचलला. मागे यंत्राची घरघर होती.

"अगं, सापडला तुझा कारखाना! मला वाटलेलं बंद पडलाय."

"आल्या पावली परत फिर. आत्ताच्या आत्ता."

"का गं? ... अरे! इकडे तर रस्ताच नाही. मी आलो कुठून? नुसती कच्ची वाट आहे. बसथांबा पण दिसत नाहीये."

गिऱ्हाइकांना तसंच सोडून मी बाहेर आले. काका दारात उभे होते. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना कळलं असावं.

"घरी आण त्याला, कसंही करून," ते म्हणाले.

"काका, आमची इमारत व्हायच्या आधी तिथे काय होतं?"

"काही नव्हतं गं. नुसतं गवत."

काही नसलेल्या जागेचा पत्ता कसा सांगायचा? मी घराच्या दिशेने पळत होते, फोन कानाला होता. मग सुचलं. आमची इमारत गावाच्या अगदी कडेला आहे, पलीकडे टेकड्या. त्या कुणी पाडलेल्या नाहीत.

"टेकड्या दिसतायत तुला?"

"दिसतायत की. आपल्या स्वयंपाकघरातून दिसतात त्याच."

"तशाच दिसेपर्यंत चालत राहा."

तो चालत राहिला. मध्येच म्हणाला, "कारखान्याचा आवाज थांबला बरं का. आणि... अगं, पाडतायत तो. एवढी धूळ उडालीय." थोड्या वेळाने विहिरीपाशी मातीचे ढिगारे पडलेत म्हणाला. त्याच्या आवाजातली मजा संपली होती.

माझा मात्र जीव भांड्यात पडला. तिथे दिवस पुढे सरकत होते, भराभर. म्हणजे तो घराच्या जागेवर पोचून नुसता थांबला असता, तर आजचा दिवस त्याच्यापाशी आपोआप आला असता. यात चुकण्यासारखं काय होतं? कुणीही हेच सांगितलं असतं.

"पोचलो वाटतं," तो म्हणाला. "कमरेएवढं गवत आहे. मागची टेकडी पुढच्या टेकडीच्या खांद्याला अगदी टेकलीय."

"आता तिथून हलायचं नाही. काही झालं तरी नाही. मी आलेच."

"मला भीती वाटतेय गं."

"मी आहे ना. नुसता उभा राहा."

मी इमारतीखाली पोचले. तळमजल्यावर गाड्या लावतात, तिथून टेकड्या दिसतात. तो उभा होता नेमक्या त्याच जागी मला उभं राहायचं होतं. वेळ आली की तो माझ्या हाताला लागावा, एवढीच इच्छा होती. टेकड्यांवरची नजर न काढता मी मागे सरकत गेले.

"लोक आलेत," तो म्हणाला. "गवत कापतायत. चुन्याने जमिनीवर रेघा आखतायत."

"छान. जवळ आलास."

"मला बाजूला हो म्हणतायत."

"हलू नकोस!"

"खड्डा खणलाय गं, मी आत उभा आहे. सळ्या बांधतायत माझ्या भोवती."

मागची टेकडी पुढच्या टेकडीच्या खांद्याला टेकली, आणि माझी पाठ खांबाला लागली.

"नीघ!" मी ओरडले. "नीघ तिथून! पळ!"

"आत्ता तर नको म्हणालीस." तो दमल्यासारखा हसला. "पाय ओल्यात रुतलेत. थंड आहे. थांबतो मी, तू म्हणालीस तसा."

त्याने कधी म्हणून माझं ऐकलं नव्हतं.

फोनमध्ये काहीतरी जड ओतल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

मी खांबाकडे वळले. बाकीच्या खांबांसारखाच होता, रंगाचे पोपडे निघालेला. आमच्या आधीपासून तो तिथे आहे. फक्त त्याच्या एका बाजूला, कानाशी फोन धरलेल्या माणसाचं कोपर जिथे येईल तिथे, सिमेंटचा एक फुगवटा आहे. तो कशामुळे आला, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. माझा नवरा रोज संध्याकाळी आपलं हेल्मेट त्यालाच अडकवायचा.